क्लायमेट मॉडेलचा 'बायस' मराठीत कसा लिहायचा?

पाऊसवेडा: मंडळी एक शब्द हवाय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने जे अर्थ सिस्टिम मॉडेल (हवा, समुद्र, जमीन सगळं धरून पृथ्वीचं हवामान कॉम्प्युटरवर चालवून बघणारं) बनवलंय त्यावर लेख लिहितोय आणि 'ड्राय बायस'पाशी, म्हणजे मॉडेल पाऊस कमी दाखवतं तिथे, गाडी अडलीय. पूर्वग्रह लिहिलं तर मॉडेलचं आपल्याशी काहीतरी वाकडं आहे असं वाटतं 😀 हिंदीवाले अभिनति लिहितात, ते आपल्याकडे कोणाला कळणार? संपादक म्हणतात सरळ 'चूक' लिहा.

तिरपीसर: चूक नको. चूक कधी इकडे होते कधी तिकडे, बायस म्हणजे दरवेळी एकाच बाजूला जाणं. हे मॉडेल ज्याच्यावरून उभं केलं ते अमेरिकेचं सीएफएस व्हर्जन टू, मुळात पुढच्या काही महिन्यांचे अंदाज द्यायला केलेलं, त्यात मान्सूनचा पाऊस भारताच्या जमिनीवर कमीच पडायचा, एखाद्या वर्षी नाही, सरासरी काढली तरी कमीच. मी तर 'पावसाची कायमची तूट' लिहीन.

गोडांबा: 'कल' का नको? छोटा शब्द आहे.

तिरपीसर: कल म्हटलं की निवडणुकीचे कल आठवतात, आणि हवामानाच्या लेखात ट्रेंडलाही कलच लिहितात. तापमानवाढीचा कल आणि मॉडेलचा कल एकाच परिच्छेदात आले की वाचक गेला कामातून.

जुनीपेठ: आमच्या दुकानात यासाठी शब्द होता, पासंग. तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला छोटं वजन बांधायचं, तो पासंग. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो ना, तोच.

तिरपीसर: वा! पण काका, पासंग म्हणजे दोष नाही, दोषावरचा उपाय. आणि गंमत म्हणजे क्लायमेट मॉडेलवाल्यांनी खरोखर पासंग बांधलेले आहेत. पूर्वी हवेचं मॉडेल आणि समुद्राचं मॉडेल एकत्र जोडून शंभर-दोनशे वर्षांचा रन लावला की समुद्र आपोआप गार नाहीतर गरम होत सुटायचा, मग तो जागेवर रहावा म्हणून दोघांच्या मधे वरून उष्णता आणि पाणी घालायचे किंवा काढायचे, त्याला फ्लक्स अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. ब्रिटनच्या हॅडली सेंटरचं हॅडसीएम३ साधारण 2000 च्या सुमारास आलं ते या कुबड्यांशिवाय स्थिर राहिलं म्हणून तेव्हा त्याचं एवढं कौतुक.

पाऊसवेडा: मग आता ट्यूनिंग करतात ते काय वेगळं? तोही पासंगच की.

तिरपीसर: थोडा वेगळा. मॉडेलच्या जाळीचा एक चौकोन शे-दोनशे किलोमीटरचा, ढग त्याहून कितीतरी लहान, म्हणून ढगांचं वागणं ठोकताळ्यांनी लिहावं लागतं. ढगातले बर्फाचे कण किती वेगाने खाली येतात असले आकडे नक्की माहीत नसतात, ते शक्यतेच्या हद्दीत मागेपुढे करतात, वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडून येणारी ऊर्जा आणि परत जाणारी ऊर्जा यांचा हिशोब जुळेपर्यंत. आयआयटीएमच्या पहिल्या आवृत्तीत हा हिशोब नीट बसत नव्हता, दुसऱ्या आवृत्तीत सुधारला आणि तीच सीएमआयपी६ मध्ये, म्हणजे जगभरची क्लायमेट मॉडेलं शेजारी ठेवून बघणाऱ्या प्रकल्पाच्या सहाव्या फेरीत गेली, भारतातून गेलेलं पहिलं मॉडेल. मात्र ज्या आकड्याला ट्यून केलं तोच आकडा दाखवून 'बघा जुळलं' म्हणायचं नाही, त्याला मूल्यमापन म्हणत नाहीत. आपणच पेपर काढायचा आणि आपणच सोडवायचा असं होतं ते.

गोडांबा: मग तपासायचं कशावर, भविष्य तर आलेलं नाही

तिरपीसर: 1850 पासूनचा इतिहास चालवून बघतात हे एक. पण मला आवडतं ते पिनाटुबोचं उदाहरण. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधला तो ज्वालामुखी फुटला, नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सेन यांच्या गटाने मॉडेल चालवून 1992 च्या सुरुवातीलाच छापलं की पृथ्वी साधारण अर्धा अंश गार होईल, आणि झालीही जवळपास तेवढीच. हे आधी सांगितलेलं होतं, मागाहून जुळवलेलं नाही. उलटही होतं, सीएमआयपी६ मधली काही मॉडेलं कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की 5 अंशांच्या वर तापतात, आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने, इतर पुरावे धरून 2.5 ते 4 अंश हीच पट्टी जास्त संभाव्य मानली.

जुनीपेठ: 'झुकतं माप' चालेल का हो? पाऊस समुद्राला जास्त आणि जमिनीला कमी म्हणजे समुद्राला झुकतं मापच की.

तिरपीसर: लई भारी काका. बऱ्याच मॉडेलांत विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर पाऊस खरंच जास्त पडतो, तिथे अगदी फिट्ट बसतं. पण समुद्राचं तापमान कमी दाखवणाऱ्या कोल्ड बायसला नाही चालणार, तिथे 'मॉडेल थंडीकडे झुकतं' असं क्रियापदच वापर.

पाऊसवेडा: तूट आणि झुकतं दोन्ही घेतो, पासंग फ्लक्सवाल्या चौकटीत टाकतो. स्पिन-अपला काही सुचतंय का? शेकडो वर्षं मॉडेल नुसतं फिरवत ठेवायचं, समुद्र निवांत होईपर्यंत.

गोडांबा: स्पिन-अपच लिही बाबा.