गालाचे अस्तर की डुकराच्या आतड्याचा पडदा: मूत्रमार्गाच्या दुरुस्तीवर चर्चा

मुठाकाठ (धागाकर्ता):
मूत्रमार्ग आक्रसला आणि दुर्बिणीतून चीर देऊनही पुन्हा पुन्हा बुजू लागला, की उघड्या शस्त्रक्रियेने तो रुंद करावा लागतो. त्यासाठीचे ठिगळ बहुधा रुग्णाच्याच गालाच्या आतल्या अस्तराचे घेतात. डुकराच्या लहान आतड्याचा सबम्यूकोसा (आतल्या अस्तराखालचा थर) पेशी काढून, निर्जंतुक करून तयार पडदा म्हणूनही मिळतो, आणि तोंडाला जखम नको म्हणून तोच वापरावा असे काहींचे मत आहे. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

गालाचे अस्तर जिवंत असते. त्याला सतत ओलाव्यात राहायची सवय असते आणि बसवलेल्या जागेतून ते काही दिवसांत रक्तपुरवठा मिळवते. पडदा मात्र निर्जीव असल्यामुळे त्यावर रुग्णाच्या पेशी कडांकडून सरकत याव्या लागतात. सशांवरील प्रयोगात हे अंतर जेमतेम अर्धा सेंटिमीटर भरले, आणि त्यापलीकडे व्रणच तयार झाला. इटलीतील २०१२ च्या एका अहवालात या पडद्याच्या २५ रुग्णांपैकी १९ जणांना गुण आला, पण ४ सेंटिमीटरहून लांब आकुंचन असलेल्या प्रत्येकाची शस्त्रक्रिया फसली. आपल्याच पुण्यातील डॉ. संजय कुलकर्णी यांनी मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून तोंडाचे अस्तर बसवण्याची जी पद्धत रूढ केली, तिने संपूर्ण लांबीची आकुंचनेही दुरुस्त होतात. मग दुय्यम पर्यायाकडे का वळावे?

हडपसर_रुग्णसेवा:
आपला मुद्दा निरोगी तोंडापुरता खरा आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी तंबाखू आणि मिश्रीने खराब झालेली तोंडे आम्ही रोज पाहतो. ज्याच्या गालाचे अस्तर ताठ आणि पांढरे पडले आहे, ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याच्याकडून अस्तर कोठून आणायचे? आधीच्या शस्त्रक्रियेत दोन्ही गाल वापरून झालेले रुग्णही असतात. शिवाय आपण सांगितलेल्या अहवालात लांब आकुंचनाचे रुग्ण फक्त ३ होते, तर उरलेल्या २२ पैकी १९ जणांना गुण आला. तिघांवरून सगळा पर्याय मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते.

मुठाकाठ:
तीन ही संख्या लहान आहे, हे मान्य. पण उरलेल्यांची आकुंचने आखूड होती, आणि बल्बर भागातील (वृषणकोशामागच्या मूत्रमार्गातील) अगदी आखूड आकुंचन तर कापून टोके थेट जोडूनही बरे होते, म्हणजे पडद्याला जिथे यश येते तिथेच त्याची गरज सर्वांत कमी असते. वारंवार शस्त्रक्रिया झालेल्यांविषयीही सांगतो. २००८ च्या एका अभ्यासात मृत मानवी दात्याच्या मूत्राशयापासून केलेला पेशीविरहित पडदा वापरला होता. तो प्राण्याचा नव्हता, पण तत्त्व तेच. निरोगी जागेवर ९ पैकी ८ जणांना लाभ झाला, आणि आधी दोन किंवा अधिक शस्त्रक्रिया झालेल्या ६ पैकी केवळ २ जणांना. आपण ज्यांच्यासाठी हा पर्याय मागता, त्यांच्यातच तो सर्वांत कमी टिकतो. गाल मिळत नसेल तर जिभेखालचे अस्तर किंवा कानामागची त्वचा आधी तपासावी.

बिबवेवाडीकर:
मी जैन आहे, आणि माझी हरकत वेगळी आहे. हृदयाच्या प्राणिज झडपा किंवा डुकराच्या आतड्यापासून मिळणारे हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध जीव वाचवण्यासाठी घ्यावे लागते, हे मी समजू शकतो. मूत्रमार्गाची ठरवून केलेली दुरुस्ती ही तशी तातडीची बाब नाही. पडदा कोणत्या प्राण्याचा आहे हे संमतीपत्रावर मराठीत, ठळकपणे आणि शस्त्रक्रियेच्या पुरेसे आधी लिहिलेले असावे. 'जैविक जाळी' एवढ्या मोघम शब्दावर सही घेणे म्हणजे संमती नव्हे. मुसलमान कुटुंबांनाही हा प्रश्न तितकाच लागू आहे.

हडपसर_रुग्णसेवा:
संमतीपत्राबद्दल मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. मुठाकाठ, जिभेखालचे अस्तर मात्र तंबाखू धरणाऱ्याच्या तोंडात क्वचितच निरोगी उरते. गाल, जीभ आणि त्वचा हे तिन्ही मार्ग बंद झालेल्या रुग्णाला जन्मभर लघवीसाठी पोटावर बसवलेल्या नळीवर ठेवण्यापेक्षा, अपयशाची शक्यता स्पष्ट सांगून आणि आकुंचन आखूड असेल तरच, हा पडदा देऊ करावा, या मतावर मी ठाम आहे.