थरथर मोटरचीच असेल असं नाही
मोटरवर लाटेसारखं हलणारं लाकडी पट्ट्यांचं शिल्प संथ फिरवलं की थरथरतं, म्हणून मोठी मोटर घ्यायची म्हणताय? जरा थांबा. साधारण स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) एका फेरीत २०० पावलं टाकते. वेग कमी केला की तीच पावलं डोळ्यांना दिसतात. ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) १/१६ मायक्रोस्टेपिंग लावलं, म्हणजे प्रत्येक पावलाचे सोळा तुकडे केले, की ३२०० होतात, घरघरही बरीच उतरते.

माझ्याकडे मात्र खरा चोर निघाला पट्ट्या ओढणारा दोरा! नायलॉन ताणला जायचा, पट्टी आधी अडून बसायची आणि मग टुणकन उडी मारायची. विणलेली फिशिंग लाइन लावली, थांबलं. (त्याआधी दोन मोटरी उगाच बदलून झाल्या होत्या.)

मोटर सोडवून कॅमचा (पट्ट्या वर-खाली करणाऱ्या चकत्यांचा) दांडा एकदा हाताने फिरवा. एका जागी जड, पुढे हलका लागला तर तोल गेलाय. विरुद्ध बाजूला वजन लावा, आहे तीच मोटर पुरेल.