लाव्याच्या शिकारीसाठी बारा बोअर हवीच कशाला?

दुनळी: लाव्याच्या शिकारीला बारा बोअरची बंदूक नेणे अनावश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप; आकडा जितका मोठा, तितकी नळी अरुंद). जेमतेम दोनशे ग्रॅमचा हा पक्षी पायाजवळून थव्याने उसळतो आणि बार बहुधा वीस-पंचवीस मीटरच्या आतच होतो. तेवढ्यासाठी वीस बोअरमधील २५ ग्रॅम छर्रे, साडेसात किंवा आठ नंबरचे, म्हणजे बारीक, आणि छर्रे लवकर पसरू देणारा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी अगदी थोडा अरुंदपणा, पुरेसा असतो. दिवसभराच्या चालीनंतर हलकी बंदूकच वेळेवर खांद्याला लागते.

माळढोक: वजनाचा मुद्दा मान्य आहे, निष्कर्ष नाही. हलकी बंदूक चटकन उचलली जाते, पण पक्ष्यामागे फिरवताना मध्येच थबकते आणि छर्रे मागे पडतात. शिवाय बारा बोअरमध्येही २८ ग्रॅमची काडतुसे मिळतात. ज्याच्याकडे बारा बोअर आधीच आहे, त्याने दुसरी बंदूक घेतली की काडतुसांची सरमिसळ होण्याचा धोका वाढतो: वीसचे काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकते, आणि त्यामागे बाराचे भरून घोडा ओढला तर नळी फुटते. वीसची काडतुसे पिवळी ठेवतात ती यासाठीच.

दुनळी: त्यावर उपाय घरून निघताना खिसे रिकामे करणे हा आहे, त्यासाठी दिवसभर जादा वजन वाहण्याची गरज नाही.

पायवाट: बंदुकीवरच सगळा वाद चालला आहे. काटेरी झुडपांत पुढून दुहेरी जाड कापडाची पँट आणि घोटा सावरणारे हलके बूट नसतील, तर कोणतीही बंदूक दुपारपर्यंत जडच होते. अंगावर मात्र साथीदारांना लांबून दिसेल असे भडक नारिंगी जाकीट हवे, कारण लावा गवतात दबून बसतो आणि त्याच्यापासून लपण्यात काही अर्थ नसतो.

माळढोक: नारिंगी रंगाने माणूस उगाच निर्धास्त होतो. २००६ साली टेक्ससमध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांनी लाव्याच्याच शिकारीत साथीदाराला छर्रे मारले, तेव्हा त्या साथीदाराच्या अंगावर नारिंगी जाकीट होते. आणि बंदूक होती २८ बोअरची, म्हणजे दुनळी यांच्या वीसहूनही लहान!

पायवाट: ते छर्रे चेहरा, मान आणि छातीत घुसले होते. त्यावरून जाकीट सोडावे असे ठरत नाही. जोडीला पॉलिकार्बोनेट या कणखर प्लास्टिकचा चष्मा घालावा आणि पक्ष्याच्या खाली आकाश दिसल्याशिवाय त्याच्यावर बार टाकू नये, एवढेच ठरते.