परराष्ट्र सचिव ते टाटा सन्स, कूलिंग ऑफचं काय?

चहाबाज: जयशंकर जानेवारी २०१८ ला परराष्ट्र सचिव म्हणून रिटायर झाले आणि एप्रिलमध्ये लगेच टाटा सन्समध्ये. मग रिटायर झाल्यावर खासगी नोकरीआधी एक वर्ष थांबायचं, ते कूलिंग ऑफ काय फक्त छोट्या बाबूंसाठी असतं का?

खडूस पुणेकर: नियम नाही मोडला हो, सरकारने सूट दिली की आधी जाता येतं, त्यांना दिलेली. कुठल्या देशात कोणाचं दार ठोठवायचं हे माहीत असलेला माणूस कुठल्या कंपनीला नकोय?

विदर्भी: अमेरिकेत ब्लॅकविल बघा ना, २००१ ते २००३ दिल्लीत राजदूत, मग वॉशिंग्टनच्या लॉबिंग फर्ममध्ये (पैसे घेऊन सरकारदरबारी दुसऱ्याची बाजू मांडणारी कंपनी), आणि त्याच फर्मला पुढे आपल्या सरकारने कामाला लावलं. पण तिथे परदेशी सरकारसाठी काम केलं तर नोंदणी लागते, किती पैसे घेतले तेही कागदावर येतं. आपल्याकडे लॉबिंगचा वेगळा कायदाच नाहीये.

चहाबाज: म्हणजे सूट देणारं सरकार तेच आणि २०१९ ला मंत्री करणारंही तेच, भारीये.