सगळं पुन्हा सांगावं लागत नाही
अपघाताचा सगळा प्रसंग पुन्हा सांगावा लागेल का, असं तुम्ही विचारलंय. सोमॅटिक एक्सपीरिअन्सिंगमध्ये, म्हणजे मानसिक धक्क्यातून सावरण्यासाठी शरीराच्या जाणिवांवर काम करणाऱ्या थेरपीत, तरी नाही. अमेरिकी थेरपिस्ट पीटर लेव्हिन यांच्या या पद्धतीत सुरुवात शरीरापासून होते: पाय जमिनीला टेकलेत का, श्वास कुठे अडकतोय, खांदे कधी आखडतात. त्रासदायक आठवणीला थोडंसंच शिवायचं आणि जिथे बरं वाटतं तिथे लगेच परतायचं, असं पुन्हापुन्हा. मधेच हात थरथरतात, जांभया येतात, रडू फुटतं. मला तर पहिल्यांदा भीतीच वाटली होती. नंतर गळून गेल्यासारखं होऊ शकतं, म्हणून संध्याकाळ मोकळी ठेवा. स्पर्श नको असेल तर स्पष्ट सांगा, चांगला थेरपिस्ट विचारल्याशिवाय हात लावतच नाही. आणि चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका, प्लीज.