गिरणाऱ्याचा मळा, एक दुपार, तीन सिगार: आधी कोणता पेटवायचा?

मळेकरी_गिरणारे
मंडळी, सल्ला हवा आहे. साडूभाऊ पुढच्या आठवड्यात दुबईहून येतायत. त्यांना सिगारची मनापासून आवड आहे. मी आजवर दोनदाच ओढलाय, तोही लग्नाच्या गडबडीत, त्यामुळे चव अशी कळलीच नाही. या वेळी ते दाविदॉफ सिग्नेचर २०००, मॉन्टेक्रिस्टो नंबर ४ आणि पाद्रोन लोंद्रेस मादुरो असे तीन प्रकार आणतायत, प्रत्येकी तीन. मी, ते आणि मेव्हणा असे तिघे बसणार, मळ्यात आंब्याखाली. द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलंय, फवारण्याही संपत आल्यात, म्हणून एक रविवार मोकळा काढलाय.

कोणता आधी, कोणता नंतर? सोबत काय खायचं-प्यायचं? आणि रविवारपर्यंत ठेवायचे कसे? घरात ह्युमिडॉर, म्हणजे सिगार सुकू न देणारी पेटी, नाही आणि थंडीत आपल्या नाशिककडची हवा किती कोरडी असते ते तुम्हाला माहीतच आहे.

कॉलेजरोडकर
एकच सांगतो. त्या सकाळी मिसळ खाऊ नका. तर्रीने जीभ बधिर झाली की दाविदॉफमधलं काही म्हणजे काही कळणार नाही. वरण-भात-तूप, बटाट्याची भाजी, असं साधं जेवा. पण जेवा नक्की, रिकाम्या पोटी निकोटीन चढतं. गरगरल्यासारखं वाटलं तर गुळाचा खडा तोंडात टाका आणि सिगार बाजूला ठेवा.

गंगापूररोडचा_काका
मळेकरी, तुमच्या साडूंनी निवड फार विचाराने केलीय. तिन्ही जवळपास एकाच मापाचे आहेत, पाच-साडेपाच इंच लांब आणि ४२-४३ रिंगचे. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी पाऊण इंचाहूनही कमी. तुलना करायची तर माप सारखंच हवं. जाड सिगार थंड जळतो, बारीक लवकर तापतो आणि चव त्यानेच बदलते. लोक एक जाड रोबुस्तो आणि एक बारीक कोरोना घेऊन बसतात आणि फरक पानाचा आहे असं समजतात.

क्रम: दाविदॉफ, मग मॉन्टेक्रिस्टो, शेवटी पाद्रोन. दाविदॉफ डोमिनिकन, फिकट पानाचा. त्यात सायीचा गुळगुळीतपणा आणि वाळल्या पेंढ्याचा वास येतो. मॉन्टेक्रिस्टो क्युबाचा, मध्यम. कॉफी, देवदारी लाकूड, थोडं चामडं. पाद्रोन निकाराग्वाचा, कोको आणि काळी मिरी. मिरी घशात नाही, नाकात कळते. म्हणून धूर तोंडात घोळवून त्यातला थोडासाच नाकावाटे सोडून बघा. छातीत ओढायचा नाही, कधीच नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मादुरो काळा दिसतो म्हणून तो जास्त कडक, असं नसतं. ते पान जास्त दिवस आंबवलेलं असतं, त्याने रंग गडद होतो आणि गोडवा येतो. कडकपणा ठरतो आतल्या पानावरून. तंबाखूच्या झाडाला शेंड्याकडे जे पान येतं ते लिहेरो, त्याला ऊन जास्त मिळतं, ते जोरदार. मधलं सेको, त्यात सुगंध. खालचं वोलादो, ते नीट जळण्यासाठी घालतात. वळणारा हे तीन कसे मिसळतो, सगळं कसब त्यात आहे.

पण एका दुपारी तीन ओढू नका. मी बारा वर्षं ओढतोय, मलाही दोनच्या पुढे जीभ साथ देत नाही, मग तिसऱ्याला उगाच नावं ठेवली जातात. पहिल्या रविवारी दोन ओढा, मध्ये तासभर जाऊ द्या. पाद्रोन पुढच्या रविवारी, नुसताच.

ठेवण्याचं सोपं आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, चिवड्याचा-मसाल्याचा नको, कोरा. आत ६५ किंवा ६९ टक्क्यांचं आर्द्रतेचं पाकीट टाका, ऑनलाइन मिळतं. डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खालच्या फळीवर. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पान सुकतं आणि कांद्या-लसणीचा वास धरतं. एप्रिल-मेपर्यंत काही उरले तर जास्त जपा, कारण २५ अंशांच्या वर तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. प्रवासातून आलेला सिगार लगेच पेटवूही नका, दोन-तीन दिवस डब्यात मुरू द्या.

पेटवताना काडी वापरा, पण गंधक जळून जाऊ द्या, मग आच द्या. आच टोकाला लावायची नाही, टोकाखाली धरून हळूहळू फिरवत शेकायचं, भाकरीची कड शेकतो तसं. टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, कापताना जेमतेम दोन मिलिमीटर. मिनिटाला एक झुरका. वाऱ्याकडे पाठ करून बसा, धरणावरून वारा आला तर सिगार एका बाजूने जळत जातो. राख झटकू नका, इंचभर झाली की आपोआप पडेल. आणि शेवटी चुरडायचा नाही, तसाच ठेवून द्या, तो स्वतः विझतो.

दातांचा_डॉक्टर
काकांचं सगळं बरोबर, माझं एक ऐका. छातीत ओढला नाही म्हणजे धोका नाही, असं नाही. धूर तोंडातच राहतो आणि तोंडाचा कर्करोग तिथेच होतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. सोबत दारू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून पेयाबद्दल माझं मत साधं पाणी किंवा बिनसाखरेची काळी कॉफी. वर्षातून दोन दुपारी बसताय तर बसा, पण त्याची सवय होऊ देऊ नका. लहान मुलं त्या दिवशी मळ्यात नकोत.

सिन्नरची_लेक
माझी आजी सिन्नरात विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कापायचं, चिमटीभर तंबाखू, एक वळसा, टोक दुमडायचं, दोरा. हजार विड्यांवर मजुरी. तिच्या अंगठ्याचं नख एका बाजूने झिजलेलं होतं, मी ते लहानपणी चाचपून बघायचे.

म्हणून मला सिगारबद्दल वाचावंसं वाटलं. क्युबात कारखान्यात वळणाऱ्यांसमोर उंचावर बसून एक जण मोठ्याने वाचतो, वर्तमानपत्र, कादंबऱ्या. एकोणिसाव्या शतकापासूनची पद्धत आहे. १९३५ साली सुरू झालेल्या मॉन्टेक्रिस्टोचं नाव अशाच वाचलेल्या एका कादंबरीवरून आलंय. तुम्ही तो ओढाल तेव्हा त्या वळणाऱ्या हातांची आठवण ठेवा, एवढंच मागणं. आणि एखादा खराब निघाला तर फेकू नका, उलगडून बघा. विडीत चुरा असतो, चांगल्या सिगारमध्ये अख्खं पान.

निफाडचा_पाहुणा
इथूनच विकत घेणाऱ्यांसाठी: मागे एका दुकानातून मी काचेच्या झाकणाच्या पेटीतला 'क्युबन' घेतला. आत केळीच्या सालीसारखा चुरा आणि वास जळक्या कागदाचा. पैसे गेलेच, पण भावाला भेट दिला होता, त्याचं वाईट वाटलं. रीतसर आयात केलेल्या पेटीवर ८५ टक्के भागावर धोक्याचं चित्र असतं. ते नसेल तर घेऊ नका. साडूंचे नऊ चालतील, २०१६ च्या बॅगेज नियमांत माणशी २५ सिगारची मुभा होती.

मळेकरी_गिरणारे
सगळ्यांचे आभार, काल बसलो. वरण-भात जेवून साडेतीनला. काकांनी सांगितल्याप्रमाणे पाठ धरणाकडे केली, तरी मेव्हण्याचा एका बाजूने जळत गेला. साडूंनी तो त्याच्याकडून घेतला, मागे राहिलेल्या कडेला नुसती काडीची आच दाखवली आणि परत दिला, पुढे सरळ जळला.

दाविदॉफ पहिल्या दहा मिनिटांत मला अळणी वाटला. मग पाण्याचा घोट घेतला, थोडा थांबलो, आणि पेंढ्याचा वास आला. अगदी आमच्या गोठ्यामागच्या गंजीचा. मॉन्टेक्रिस्टो मात्र मला फार आवडला. निम्म्यावर आला तेव्हा कॉफी प्यायल्यावर कपाच्या तळाला राहते ना, तशी चव. साडूंचं मत उलट, त्यांना दाविदॉफ. त्यावर अंधार पडेपर्यंत बोलत होतो आणि मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं कोणी काहीच बोललं नाही. आमची एकमेकांशी ओळख चौदा वर्षांची, पण असे निवांत बसलो नव्हतो.

पाद्रोन दोनच उरलेत. एकाचं वरचं पान सामानात दाबून फाटलं होतं. सिन्नरच्या ताई, तुम्ही म्हणालात म्हणून तो ओट्यावर उलगडला. आत चार पानं, घडी घातलेली, देठ काढलेली, मनगटापासून बोटांपर्यंत पुरतील एवढी लांब. आईने त्यातलं एक हातात घेतलं. तिने आयुष्यभर मिश्री भाजलीय. दोन बोटांत चोळून नाकाशी धरलं आणि म्हणाली, "निपाणीच्यापेक्षा मऊ आहे रे."

सिन्नरची_लेक
दादा, ती पानं टाकू नका. पुढच्या महिन्यात गिरणाऱ्याला येतेय, मला बघायची आहेत.