पहिला रॉड आणि रीळ: ३००० रुपयांत पैसा कशावर घालावा?

धागाकर्ता (रत्नागिरी): माझा भाचा यंदा भाट्याच्या खाडीवर गरवायला (गळाने मासे धरायला) शिकणार असून त्याच्या पहिल्या रॉड-रिळासाठी आम्ही ३००० रुपये बाजूला काढले आहेत. दुकानात प्रत्येक जण एकात एक सरकणाऱ्या रॉडचा तयार संच पुढे करतो. माझे स्पष्ट मत असे की निम्म्याहून अधिक पैसा रिळावर घालावा आणि रॉड मात्र साधा, सात फुटी, दोन तुकड्यांचा फायबरग्लासचा घ्यावा, कारण असा रॉड जड असला तरी खडकावर आपटूनही सहसा तगतो. स्वस्त रीळ मात्र खाऱ्या पाण्यात लवकर हार मानते. आधी बेलची (तंगूस, म्हणजे गळाची दोरी, रिळावर वळवणाऱ्या तारेच्या कडीची) स्प्रिंग जाते, मग ड्रॅग (मासा ओढू लागला की तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक) अडकून बसतो आणि नेमका तांबोशी मासा कपारीकडे धावत असताना तंगूस तुटतो. खोक्यावरच्या बेअरिंगच्या आकड्याला भुलू नये. दुकानातच ड्रॅग थोडा सैल करून तंगूस हाताने ओढून पाहावा. तो धक्के न देता एकसारखा सुटला पाहिजे.

प्रतिसाद (ठाणे): रिळाबद्दल सहमत आहे, पण एकात एक सरकणाऱ्या रॉडला आपण अन्यायाने बाद केले आहे. सात फुटी रॉडचे दोन तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा साडेतीन फुटांचा राहतो आणि तो घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरणे किती अवघड असते, हे खाडीजवळ राहणाऱ्याला कळणे कठीण आहे. माझा रॉड पाठीवरच्या पिशवीत मावतो, म्हणूनच कामावरून परतताना मी अर्धा तास का होईना, जेट्टीवर बसू शकतो. नवशिक्याला सर्वांत जास्त गरज सरावाची असते, आणि घरी पडून राहिलेला चांगला रॉड सराव देत नाही.

धागाकर्ता: प्रवासाची अडचण मला मान्य आहे. तरीही वाळूचा एक कण सांध्यात गेला की तो रॉड धड उघडत नाही आणि धड मिटतही नाही, शिवाय जोर लावताना नेमका सांधाच चिरतो. माझे असे दोन रॉड गेले आहेत. प्रवासासाठी चार तुकड्यांचा रॉड शोधावा, असे मी सुचवेन.

प्रतिसाद (मालवण): मला दोन्ही बाजू पटत नाहीत. पहिले वर्ष रॉडच घेऊ नये. लाकडी फिरकीवर गुंडाळलेला जाड तंगूस, शिसे, गरी आणि ताजी कोळंबी एवढ्यावर आमच्याकडे पोरे जेट्टीवरून शेंगाळे आणि लहान गोब्रे काढतात. मासा आमिषाला नुसता चाटतो आहे की खरोखर ओढतो आहे, हा फरक दोरी बोटावर धरल्याशिवाय अंगी मुरत नाही. (शेंगाळा गरीवरून सोडवताना त्याच्या काट्यांची काळजी मात्र पहिल्याच दिवशी शिकवावी.)

प्रतिसाद (पुणे): ही सगळी चर्चा समुद्राची झाली. मुळशी-पवनेसारख्या धरणांच्या पाण्यात, जिथे कणकेची छोटी गोळी किंवा चार-पाच ग्रॅमचे आमिष दूर टाकायचे असते, तिथे आपला दणकट रॉड वाकतच नाही आणि न वाकणारा रॉड हलके वजन फेकू शकत नाही. गोड्या पाण्यात मी हिशेब उलटा मांडेन: हलका रॉड चांगला घ्यावा, रीळ मध्यम चालेल. रॉड कार्बनचा असेल तर विजेच्या तारांखाली आणि गडगडाटात तो उभा धरू नये, कारण कार्बनमधून वीज वाहते.

धागाकर्ता: धरणाबाबतचा मुद्दा रास्त आहे, माझा सल्ला खाडी आणि खडकापुरताच धरावा. मालवणच्या मित्रांचे म्हणणे मी अर्धे स्वीकारतो. पहिले चार रविवार भाचा दोरीच धरेल, पण खडकावरून लाटेच्या पलीकडे आमिष पोहोचवायला पुढे रॉड लागेलच. आमची वाटणी आता अशी ठरली आहे: ‘४०००’ क्रमांकाच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या रिळाला १७०० रुपये, रॉडला ९०० आणि उरलेल्या ४०० मध्ये ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, गऱ्या व शिसे. हा तंगूस साधारण सात किलोचा ताण सोसतो, म्हणून ताणकाटा (ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा) लावून ड्रॅग दोन किलोंच्या आसपास ठेवायला मी त्याला शिकवणार आहे.

प्रतिसाद (मालवण): चार रविवार कमी आहेत, पण चालेल. घरी परतल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवायला लावा. जोराच्या धारेखाली धरू नका, मीठ आत जाते.